दोन आखूड, एक लांब

नांदूरघाटहून केजच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माझं दुकान आहे. पत्र्याचं शेड, पुढं चिंचेचं झाड आणि दारात कायम दोन-तीन बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. पाटीवर 'गुफरान ऑटो इलेक्ट्रिक' असं रंगवलेलं आहे, पण पाटी वाचून माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. गाडी बंद पडली की माणूस आपोआप येतो. दिवाळी सरली, उसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि डोंगरावरची थंडी खाली उतरली की सकाळी सकाळी दारात रांग लागते. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, गाडी सेल्फ घेत नाही.

त्यात नवल काहीच नाही. थंडीत इंजिनातलं ऑईल काकवीसारखं घट्ट होतं. ते फिरवायला सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमकी त्याच वेळी गारठलेली बॅटरी निम्मीच ताकद देते. किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, आतून नुसतं टक टक टक होतं आणि ड्रायव्हर गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागतो. म्हणून जुने लोक संध्याकाळीच गाडी उताराला लावतात. कुणी ऑईलच्या चेंबरखाली चिंध्या पेटवून ऊब देतो. कुणी रात्री बॅटरीची काळी वायर काढून ठेवतो, म्हणजे कुठं गळती असली तरी करंट वाया जात नाही. काहीजण तर बॅटरीच बाहेर काढतात आणि उशाशी घेऊन झोपतात, कारण साखर कारखान्याच्या अड्ड्यावर बॅटरी जाग्यावर राहील याची कुणाला खात्री नसते.

या सगळ्याला कारणं आहेत, आणि माझा कारणांवर विश्वास आहे. कुणी गाडीला नजर लागली म्हणालं की मी त्याला आधी फ्यूज दाखवतो. त्यामुळे अर्जुनबप्पांच्या गाडीचं सांगायला बसलो की माझी मलाच चीड येते.

अर्जुनराव हे त्यांचं नाव, पण सगळं गाव त्यांना बप्पा म्हणायचं. त्यांचा जुना ट्रक ते आणि त्यांचा एकुलता मुलगा सुरज मिळून चालवायचे. गाडी गावात शिरली की कोण चालवतंय ते न बघता कळायचं. वळणावर बप्पा हॉर्नवर अंगठा ठेवायचे तो उचलायचेच नाहीत, एकच लांबलचक भोंगा. "बप्पा, कारखान्याची पाळी सुटली वाटतं," असं मी चिडवायचो. सुरजचं वेगळं होतं. दोन आखूड, एक लांब. माझ्या दुकानापुढून जाताना त्यानं तसं वाजवलं नाही, असं कधी झालं नाही.

सुरजला लहानपणापासून दमा होता. गेल्या जानेवारीत कारखान्याच्या अड्ड्यावर, नंबरची वाट बघत उभ्या असलेल्या गाडीच्या केबिनमध्ये तो रात्रीतून गेला. लग्नाचं बघणं चालू होतं त्याचं. त्यानंतर गाडी दहा महिने उभीच राहिली. यंदा दिवाळीनंतर बप्पांनी ती पुन्हा बाहेर काढली तेव्हा मला बरं वाटलं होतं. माणूस कामाला लागला म्हणजे सावरेल, असा माझा हिशोब होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला बप्पा सकाळी बॅटरी घेऊन दारात उभे राहिले.

"रातीतून बसली," म्हणाले.

मी तपासली. बॅटरी नवी होती, आतला एकही खाना, म्हणजे सेल, मेलेला नव्हता. चार्ज करून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"बप्पा, रातीला गाडीत सिनेमा बघता का काय?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "तू घरी ये," एवढंच म्हणाले.

त्यांचं घर गावाबाहेर शेतात आहे. घरासमोरच्या उतारावर गाडी उभी होती, चाकाखाली दगड. मी दुपारी गेलो. अशा कामाला माझ्याकडे एक साधं हत्यार आहे, दोन वायरी लावलेला छोटा बल्ब. बॅटरीची काळी वायर सोडायची आणि वायर व बॅटरी यांच्या मधे हा बल्ब जोडायचा. गाडीतलं सगळं बंद असताना बल्ब पेटला तर समजायचं की कुणीतरी चोरून करंट खातंय. बल्ब पेटला नाही. मी वायरिंग हलवून पाहिलं, बोनेटवर बुक्की मारून पाहिली, तरी नाही.

"दुपारचं काय न्हाई व्हत," बप्पा बाजेवरून म्हणाले. "फाटंचं ये. थंडी पडल्यावर."

म्हणजे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. मग आधीच का सांगितलं नाही, असं विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून हत्यारं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधीच गेलो. ज्वारीच्या रानावर धुकं होतं आणि गाडीचा पत्रा हात लावला तर चावत होता. विजयमालाकाकूंनी, म्हणजे बप्पांच्या बायकोनं, मला बघून चुलीवर चहा ठेवला. मी काळी वायर सोडली, मधे बल्ब लावला.

बल्ब पेटला. विझला. पुन्हा पेटला, विझला. मग जरा जास्त वेळ पेटून राहिला आणि विझला. त्याच तालात डॅशबोर्डच्या मागं हॉर्नचा रिले, म्हणजे हॉर्नला करंट सोडणारा छोटा स्विच, टिकटिकत होता. मग काहीच नाही. मी वायर घट्ट धरून बसलो. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. दोन आखूड, एक लांब.

माझ्याकडे कारण तयार होतं. थंडीनं धातू आकसतो, स्टिअरिंगमधलं हॉर्नचं बटण जुनं आहे, आतली पितळी पट्टी टेकत असणार. मी केबिनमध्ये चढलो, बटणाचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. पट्टी आणि ती जिथं टेकते तो ठिपका यांच्यामधे चांगली फट होती. त्या फटीतून मला पलीकडचं दिसत होतं. माझ्या डोळ्यांदेखत रिले टिकटिकला, दोन आखूड, एक लांब, आणि पट्टी जागची हलली नाही.

मी खाली उतरून बल्ब काढला, काळी वायर परत जोडली आणि वर येऊन बोटानं पट्टी दाबली. हॉर्न एवढ्या जोरात वाजला की रानातल्या टिटव्या उठल्या आणि काकू घरातून धावत बाहेर आल्या.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. मी दाबला की हॉर्न वाजत होता. आपसूक दाबला जात होता तेव्हा करंट तेवढाच जायचा, रिले तसाच ओढायचा, पण हॉर्नमधून आवाज निघत नव्हता. करंट पोचला की हॉर्नला वाजावंच लागतं. त्याला दुसरा इलाज नाही. हे मी तीस वर्षांपासून पोरासोरांना शिकवत आलोय.

"सुरज आसाच वाजवायचा," बप्पा खालून म्हणाले.

"बप्पा, वायर जुनी झालीया," मी जरा रागानंच म्हणालो. "उगं कायबी मनात आणू नका."

त्या दिवशी मी बटण बदललं, रिले बदलला आणि स्टिअरिंगपासून हॉर्नपर्यंत नवी वायर ओढली. दुसऱ्या दिवशी पहाटे बल्ब तसाच पेटत होता. आभाळ भरून आलं आणि थंडी मोडली त्या दिवशी काहीच झालं नाही. थंडी परतली, तेही परतलं. सूर्य वर येऊन केबिनच्या टपावर ऊन पडलं की बल्ब विझायचा, तो दिवसभर पेटायचा नाही. मी याचं कारण शोधत राहिलो आणि मला ते सापडेना. रोज पहाटे जायचो, रोज हात हलवत परत यायचो. घरी मेहेक, माझी मुलगी, विचारायची की अब्बा, एवढ्या थंडीत कुठं जाता, तर मी तिच्यावर खेकसायचो.

एका सकाळी शेकोटीशी बसलो असताना बप्पा आपणहून बोलले.

"त्या रातीला लई गार व्हतं. सुरज म्हणला, बप्पा, मला बाहीर दम लागंल, मी केबिनमधी निजतो. म्हणलं, नीज. काचा वर केल्या त्येनं. अड्ड्यावर बॅटऱ्या चोरीला जायलत्या. म्हणून मी बॅटरी काढली अन् शेकोटीपशी गेलो. उशाला घेतली. गोधडीत गुंडाळून घेतली बघ, लेकरावानी."

मी शेकोटीत एक धाट सरकवलं.

"सकाळी दार उघडलं तर त्येचा अंगठा हॉर्नवर व्हता."

त्यांनी स्वतःचा अंगठा मुठीत धरला.

"त्येनं मला हाका मारल्या गुफरान. मी हाकंच्या टप्प्यात व्हतो. अन् त्येच्या हाका माझ्या उशाखाली."

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्या उठून आत गेल्या.

"बप्पा, मी हॉर्नची लाईनच तोडून टाकतो," मी म्हणालो. "तुमी गाडी इका. दुसरी घ्या."

"न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. "गळती काढू नको. त्यो आजून दाबायलाय. तू कायबी कर, पर त्यो वाजंल आसं कर. एक डाव वाजू दे. मी इथंच हाय. आता मी लांब जात न्हाई. वाजला का लगीच दार उघडतो."

मी त्यांना वेड्यात काढायला हवं होतं. पण मी कामाला लागलो. केजहून नवा हॉर्न आणला. बॅटरीपासून थेट जाड वायर टाकली. दुसरा हॉर्न जोडला, मग तिसरा, रेल्वेच्या इंजिनाला शोभेल एवढा मोठा. हातानं दाबले की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायची. पहाटे मात्र रिले टिकटिकायचा, बल्ब पेटायचा आणि हॉर्न मुके राहायचे. बप्पा दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे असायचे, पायात चप्पल नाही, डोक्याला मफलर. सूर्य वर आला की हात काढून घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. त्या नजरेला मी पुढं पुढं भिऊ लागलो.

मग ते केबिनमध्येच झोपायला लागले. बाहेरून ऐकू येत नसेल तर आतून येईल, असं त्यांचं म्हणणं.

काकू एकदा दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"ह्ये गाडीतच निजायलेत. गोधडीबी घेत न्हाईत, झोप लागंल म्हणून. छातीत कळ येती म्हणतेत, पर दवाखान्यात येत न्हाईत. तू तेवढी गाडी बंद करून टाक बाबा. मेलेली कर."

"काकू, बप्पा मला गाडी बंद करू देयनात. वाजव म्हणतेत."

"लेकरू तर गेलंच की रे," त्या म्हणाल्या. "आता ह्यांचं काय करू मी?"

शुक्रवारची नमाज झाली की येतो, दोघं मिळून समजावू, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. जाताना दारातल्या बॅटऱ्यांकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या.

शुक्रवारच्या पहाटे थंडी एवढी पडली की नळाची तोटी उघडेना. बप्पांच्या शेजारच्या रानातल्या अंगदचा फोन आला.

"लवकर ये. बप्पा उठंनात."

मी पोचलो तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. केबिनच्या काचा आतून दवानं पांढऱ्या झाल्या होत्या आणि समोरच्या काचेवर पाच बोटं उमटली होती. अंगद खाली उभा होता. त्याची दार उघडायची हिंमत झाली नव्हती. मी उघडलं.

बप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते, छातीवर स्टिअरिंग टेकलेलं. अंग कधीच गार पडलं होतं. उजव्या हाताचा अंगठा हॉर्नच्या बटणात रुतला होता. बटण पूर्ण दाबलेलं होतं आणि हॉर्न वाजत नव्हता.

मी खाली उतरून बॅटरी पाहिली. काळी वायर सोडलेली होती. नट सांभाळून बाजूला ठेवला होता आणि वायरीचं टोक साडीच्या चिंधीत गुंडाळून बांधलं होतं. पूर्वी बप्पा रात्री बांधायचे अगदी तसंच.

काकू दगडावर बसल्या होत्या.

"सांजंला मी काढली," त्या म्हणाल्या. "ह्यांचं बघून बघून मला जमतंय. म्हणलं, करंटच नसला तर वाट कशाची बघतेत? झोप तर लागंल."

मी पुन्हा केबिनमध्ये चढलो. काकूंकडे पाठ करून बप्पांचा अंगठा बटणावरून सोडवला. तो सहजासहजी सुटला नाही. हात मांडीवर ठेवला, वरून मफलर टाकला.

"गुफरान," काकू खालून म्हणाल्या. "ह्यांनी हॉर्न दाबला आसंल का रे?"

"न्हाई काकू," मी म्हणालो. "झोपेतच गेले."

"मी घरातच व्हते. जागीच व्हते. वाजला आसता तर आले आसते."

अंगद तिकडं तोंड करून रडत होता. मला रडूही येईना.

तेरावा झाल्यावर गाडी विकायचं ठरलं. धर्मापुरीचा एकजण घेणार होता. वायरिंगचं काम करून ठेवा म्हणाला, म्हणून अंगदनं ट्रॅक्टरला बांधून गाडी माझ्या दारात आणून सोडली. पहाटे मी तिच्याकडे बघतही नव्हतो. गिऱ्हाइकं विचारायची, गुफरानभाई, ही कधी करणार, तर मी म्हणायचो, ऊन पडू द्या, बोटं चालत नाहीत.

एका पहाटे शेड उघडायला आलो तर काकू चिंचेखाली उभ्या होत्या. अंगावर बप्पांची शाल होती. एवढ्या थंडीत शेतातून चालत आल्या होत्या.

"त्यो बल्ब लाव," त्या म्हणाल्या. "आज गाडी जायची म्हणतेत. एक डाव बघून सांग, हाय का आजून."

"काकू, कशाला?"

"लाव."

मी हॉर्नच्या वायरी केव्हाच कापून टाकल्या होत्या. तिन्ही हॉर्न आणि रिले काढून शेडच्या कोपऱ्यात टाकले होते. आता त्या लाईनवर करंट खायला काहीच शिल्लक नव्हतं. तेवढ्या भरवशावर मी काळी वायर सोडली आणि मधे बल्ब लावला. काकू माझ्या मागं होत्या, त्यांना माझी पाठच दिसत होती.

दोन आखूड, एक लांब.

पूर्वी यानंतर बल्ब विझायचा. कुणी येतंय का याची वाट बघितल्यासारखा थोडा वेळ विझलेला राहायचा. मी त्या वेळेची वाट बघत बसलो.

ती आली नाही. बल्ब एकदम पेटला आणि पेटलेलाच राहिला. लांब. वळणावरच्या भोंग्यासारखा, अंगठा न उचलता.

त्यातच मधेमधे तो थोडा मंद व्हायचा, दोनदा चटकन, एकदा सावकाश. एकाच बॅटरीवर दोन जण ओढायला लागले की होतो तसा.

मी बल्ब मुठीत झाकला.

"काय दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"कायबी न्हाई, काकू. गळती थांबली."

त्यांनी सुस्कारा सोडला.

"म्हंजी पोचले ह्ये त्येच्यापशी," त्या म्हणाल्या. "उघडलं त्येचं दार."

त्यांनी शाल सारखी केली आणि केजच्या रस्त्यानं घराकडे निघाल्या. वळणाआड जाईपर्यंत मी मूठ उघडली नाही. चिंचेतून ऊन खाली आलं, केबिनच्या टपावर पडलं, काचेवरचं दव ओघळून गेलं. बल्ब मुठीत कोमट लागत होता. मी बोटं सैल केली तेव्हा तो तसाच पेटलेला होता.